घालताना आजारी हात आधी

सरांना सदरा घालायला मला पाच मिनिटं लागतात. मी सुट्टीवर होतो तेव्हा एकदा काकूंनी, म्हणजे सरांच्या बायकोनं, आणि शेजारच्या मुलानं मिळून घातला. अर्धा तास गेला, एक बाही उसवली आणि सरांचा उजवा खांदा पुढे चार दिवस ठणकत राहिला. सरांकडे आता 'बरं' एवढा एकच शब्द उरलाय, पण दुखतंय हे सांगायला त्यांना शब्द लागत नाही. खांद्याला हात लावला की ते डोळे मिटून घ्यायचे.

अर्धांगवायूच्या माणसाला कपडा घालताना आजारी हात आधी घालायचा आणि काढताना तो शेवटी काढायचा. लोक नेमकं उलटं करतात. चांगला हात पटकन जातो म्हणून आधी तो घालतात, मग उरलेल्या तोकड्या कपड्यात लुळा हात कोंबायला बघतात, आणि जाईना झाला की ओढतात. लुळ्या हाताच्या खांद्याला स्नायूंचा आधार राहिलेला नसतो, तो नुसता लोंबत असतो. ओढला की सांध्यातून खाली घसरतो. मी आधी बाही चुणून माझ्याच मनगटावर चढवतो, कासार बांगड्या चढवतो तशी. मग त्याच हातानं सरांचा पंजा धरतो आणि बाही माझ्या हातावरून त्यांच्या हातावर सरकवतो. कोपराच्या वर गेली की सदरा पाठीमागून फिरवून डावीकडे आणायचा. डावा हात सर स्वतः घालतात. तेवढं त्यांनीच करायचं, कितीही वेळ लागो. बटणं पाच आहेत, त्यातली खालची दोन ते लावतात. कधी वर-खाली होतात. मी दुरुस्त करत नाही.

मी परभणी जिल्ह्यातला, गंगाखेड तालुक्यातल्या एका लहान गावचा. बी.ए. झालो, पोलीस भरतीसाठी दोन वर्षं डांबरी रस्त्यावर पळालो, तिथं जमलं नाही. आता छत्रपती संभाजीनगरात सिडकोतल्या एका घरी चोवीस तासांची ड्युटी करतो. सर जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेले, गणिताचे. काकू गुडघ्यांनी हैराण. मुलगा कॅनडात.

माझ्या कामाला नावं किती आहेत बघा. दवाखान्यात असतो तेव्हा सगळे 'मामा' म्हणतात. आमच्याकडे वॉर्डात बाई असेल तर मावशी, बाप्या असेल तर मामा. ज्यानं पेशंटची बेडपॅन उचलायची त्याच्याशी नातं जोडून घ्यायची ही पद्धत कोणी काढली कोण जाणे, पण हुशार माणूस असला पाहिजे. मामाला पगारवाढ मागायची लाज वाटते. ब्युरोच्या वहीत मी 'पुरुष अटेंडंट, २४ तास' आहे. माझ्या प्रमाणपत्रावर 'होम केअर सपोर्ट' असं लिहिलंय. सरांचा मुलगा व्हिडिओ कॉलवर म्हणाला, "दादा, इकडे तुमच्या कामाला पर्सनल सपोर्ट वर्कर म्हणतात." गावात विचाराल तर, 'तो शहरात म्हाताऱ्यांची हागणी-मुतणी काढतो.' आणि आई सांगते, "पोरगा दवाखान्यात हाय." यातलं एकही साफ खोटं नाही.

ब्युरो म्हणजे काय, हे ऊसतोडीच्या भागातल्या माणसाला चटकन कळेल. ब्युरो हा शहरातला मुकादम, माणसं पुरवणारा. फक्त हा उचल, म्हणजे आगाऊ पैसे, देत नाही. घरच्यांकडून तो महिन्याला जे घेतो त्यातला चौथा हिस्सा ठेवून बाकी मला देतो. माझ्या पहिल्या ब्युरोनं (नाव कशाला घ्या) दोन महिन्यांचे पैसे 'पेशंट वारला, पार्टी फोन उचलत नाही' म्हणून बुडवले. पेशंट खरंच वारला होता. त्याला शेवटची आंघोळ मीच घातली होती. पैसे मात्र पार्टीनं दिले होते, हे मला त्यांच्या जावयाकडून नंतर कळलं.

मी या कामात आलो ते कोरोनात. जून २०२१ मध्ये केंद्र सरकारनं कौशल्य विकास योजनेखाली एक लाख तरुणांना आघाडीचे कोविड योद्धे म्हणून तयार करायचं ठरवलं. सहा छोटे अभ्यासक्रम काढले, त्यातला एक घरी रुग्णाची काळजी घेण्याचा. भरती थांबलेली, मैदानं बंद. मित्र म्हणाला, फुकट आहे, चल. मी गेलो तो जेवणाची सोय आहे असं ऐकून. सुरुवातीचे दिवस वर्गात गेले, पुढचे सरकारी दवाखान्यात. योद्धा वगैरे कोणी म्हणालं नाही. 'मामा, तीन नंबरला बघा' एवढंच.

वर्गात एक दिवस सिस्टरनं प्लास्टिकच्या बाहुल्यावर हात ठेवून अंथरुणातल्या जखमा शिकवल्या. माकडहाड, खुबे, टाचा, खांद्याची पाती, डोक्याची मागची बाजू. जिथं हाडावर मांस कमी, तिथं दाब बसतो, रक्त पोचत नाही, कातडी आतून मरायला लागते. लाल डाग दिसला की बोटानं दाबायचं. दाबल्यावर क्षणभर पांढरा पडला तर बरं. लालच राहिला तर जखमेची सुरुवात झाली. त्यावर चोळायचं नाही, आतलं आणखी फाटतं. मध्ये भोक असलेली रबरी चकती ठेवायची नाही, कडेनं रक्त अडतं. दर दोन तासांनी कूस बदलायची.

बाकीची पोरं लिहून घेत होती. माझं पेन थांबलं, कारण मला आजीची पाठ आठवली.

आजी २०१२ च्या दिवाळीत न्हाणीत घसरून पडली. खुबा मोडला. अंबाजोगाईला नेलं, डॉक्टर म्हणाले ऑपरेशन करावं लागेल, घरच्यांनी वयाकडे बघून परत आणलं. तेव्हापासून २०१५ च्या होळीपर्यंत ती ओसरीतल्या बाजेवर होती. आईबापाचा तोपर्यंत एक कोयता होता. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो, ऊसतोडीत नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता, एकटा माणूस म्हणजे अर्धा. आजी पडली आणि आमचा कोयता अर्धा झाला. बाप एकटा कारखान्यावर गेला, उचलही त्या मानानं कमी मिळाली. आई घरी राहिली, म्हाताऱ्या सासूपाशी. आई घरी 'नुसती' होती, असं माझे चुलते अजून म्हणतात.

२०१२-१३ चा दुष्काळ मराठवाड्यात ज्यानं पाहिला त्याला वेगळं सांगायला नको. टँकर दोन दिवसांआड. आजीची रोजची चार-पाच धडपी निघायची. आई आधी भांड्यांचं खरकटं पाणी जपून ठेवायची, त्यात पहिला हात मारायची, मग चांगल्या पाण्याचा एक तांब्या. मी तेव्हा शाळेत जाणारा पोरगा, नाक धरून ओसरीच्या कडेनं निघून जायचो. आजीच्या माकडहाडावर लाल झालं तेव्हा आईनं तिथं खोबरेल चोळलं. रोज, मनापासून, जोर लावून. फुटलं तेव्हा हळद भरली. पुढं त्या जखमेत माझी चार बोटं मावली असती. सायकलच्या जुन्या ट्यूबची गोल चकती करून तिच्याखाली ठेवण्याची अक्कल माझीच होती, आणि सगळ्यांनी तेव्हा माझं कौतुक केलं होतं.

आईला मी हे अजून सांगितलेलं नाही. तेलाचंही नाही आणि ट्यूबचंही नाही.

आता गंगाखेडचा माणूस म्हटल्यावर जनाबाईंचा विषय निघतोच. गोदावरीच्या काठचं हे गाव त्यांचं. नामदेवांच्या घरी दळण, कांडण, पाणी, झाडलोट सगळं त्यांच्याकडे, आणि देव येऊन जातं ओढू लागायचा, असं आम्ही लहानपणापासून ऐकत आलो. लहान होतो तेव्हा मला त्यातला देव आवडायचा. आता मला जातं दिसतं. देवाला यावं लागलं म्हणजे काम एका माणसाच्या ताकदीबाहेरचं होतं, हे कीर्तनकार सांगत नाहीत. मजुरी काय मिळत होती हेही कोणी विचारत नाही.

कारण एकदा सेवा म्हटलं की हिशेब थांबतो. काकूंची बहीण आली की म्हणते, "तू फार पुण्याचं काम करतोस रे, सेवा आहे ही." तिचं मन चांगलं आहे. पण तीच बाई मी रविवारी चार तास बाहेर जातो म्हटल्यावर कपाळाला आठ्या घालते. सेवेला रविवार नसतो ना! म्हणून मी 'काम' म्हणतो. कामाला वेळ असते, दाम असतो, आणि ते चांगलं किंवा वाईट करता येतं. गवंड्याचं काम, सुताराचं काम, तसं हे. प्रेमानं केलेली कूस आणि नीट केलेली कूस यात फरक आहे, हे मला आजीच्या पाठीनं शिकवलं. सरकारनं २००७ साली कायदा करून आईबापाचा सांभाळ मुलांवर बंधनकारक केला. महिन्याला १०,००० रुपयांपर्यंत पोटगीची तरतूद त्यात आहे. पैसे कोणी द्यायचे ते ठरलं. रात्री दोनला उठून कूस कोणी बदलायची, हा प्रश्न जुन्याच पद्धतीनं सुटतो, म्हणजे घरातल्या बाईवर.

रात्रीचं थोडं सांगतो. मी सरांच्या खोलीतच खाली गादी टाकतो. दहा, बारा, दोन, चार, सहा. गजर आता लागत नाही. हवेची गादी आहे, तिचा पंप बारीक घरघरतो, त्यामुळे नव्या लोकांना वाटतं की आता कूस बदलायची गरज नाही. गरज असतेच. बगलेत हात घालून ओढायचं नाही. सरांच्या खाली आडवी घातलेली चादर असते, खांद्यापासून मांड्यांपर्यंतची, ती दोन्ही मुठीत धरून स्वतःचे गुडघे वाकवायचे आणि माणूस चादरीसकट आपल्याकडे घ्यायचा. कंबरेच्या जोरावर उचलणारे आमच्यातले पोरं तिशीतच पट्टा लावून फिरतात. मग पाठीशी उशी, दोन गुडघ्यांच्या मध्ये उशी, टाचा अधांतरी राहतील अशी पोटऱ्यांखाली एक. हात लावण्याआधी मी दर वेळी सांगतो, "सर, डावीकडं वळवतो." झोपेत असले तरी सांगतो. त्यांना कळतं की नाही, माहीत नाही. न सांगता वळवलं की अंग दगडासारखं होतं, सांगून वळवलं की सैल असतं, एवढं मला माझ्या हाताला कळतं.

एकदा अशाच रात्री त्यांना झोप येईना. सारखं "बरं, बरं" चाललेलं, आवाज चढत गेलेला. काय हवंय कळेना. पाणी नको, लघवी नाही, पंखा नको. माझी झोपमोड झालेली, चिडलो होतो. उगीच, वैतागून म्हणालो, "बे एके बे." आणि सर थांबले. मग जाडसर जिभेनं, पण स्पष्ट म्हणाले, "बे दुणे चार." पुढं "बे त्रिक सहा" आणि थेट वीसपर्यंत. डॉक्टरांना विचारलं तेव्हा ते म्हणाले, असं होतं, वाचा जाते तरी पाठ केलेलं कधी कधी मागं राहतं, पाढे, वार, देवाची नावं. आता रोज झोपताना आम्ही सतरापर्यंत जातो. सतराचा मला येत नाही. मी चुकलो की सर डाव्या हातानं पलंगावर चापट मारतात, आणि तेव्हा त्यांच्या वर्गात कशी शांतता असेल ते कळतं.

चहाचं एक सांगायचं राहिलं. गिळायला त्रास असलेल्या माणसाला पातळ पदार्थ सोपा, असं आपल्याला वाटतं. उलट आहे. पातळ पाणी जिभेवरून सुसाट जातं, घसा सावरायच्या आत श्वासनळीत उतरतं. काकूंनी पहिल्या आठवड्यात मायेनं बशीतून चहा पाजला आणि सर निळे पडायचे राहिले. आता चहात बिस्कीट पूर्ण विरघळवून दाट करतो, सरांना ताठ बसवतो, हनुवटी छातीकडे, चमचा अर्धाच. आधीचा घोट उतरला की नाही ते गळ्याची घाटी हलते त्यावरून बघायचं. झाल्यावर अर्धा तास आडवं करायचं नाही. अशा चहाला चहा म्हणावं का, यावर सरांचं मत त्यांच्या तोंडावर दिसतं.

कॅनडावाल्या मुलाचं बोलणं मी मनावर घेतलं होतं. तिकडे ओंटारिओ प्रांतात या कामाचा कॉलेजात रीतसर अभ्यासक्रम आहे. कोरोनात, २०२० साली, सरकारनं घरी आणि वृद्धाश्रमात काम करणाऱ्या या लोकांचं वेतन तासाला ३ डॉलरनं वाढवलं, आणि २०२२ मध्ये ती वाढ कायम केली. कोरोनात आमच्यासाठीही थाळ्या वाजल्या होत्या, खोटं कशाला बोला. मुलगा म्हणाला, तुमचा हात चांगला आहे, प्रयत्न करा. मी माहिती काढली. ३१ मार्च २०२५ ला कॅनडानं घरी काळजी घेणाऱ्या कामगारांसाठी नव्या योजना उघडल्या, त्यात तिथल्या नोकरीचं पत्र हवं होतं, इंग्रजीची परीक्षा हवी होती, बारावीच्या तोडीचं शिक्षण हवं होतं. बारावी माझ्याकडे आहे. इंग्रजीचं म्हणाल तर मी 'शिफ्ट', 'कॅथेटर' आणि 'डिस्चार्ज' यावर घर चालवतो. शहरातल्या एका एजंटनं 'सगळं करून देतो' म्हणून आठ लाख सांगितले. परदेशी नोकरी लावणाऱ्याकडे १९८३ च्या कायद्याखाली नोंदणी असावी लागते, तेवढं वाचून गेलो होतो. नोंदणी क्रमांक मागितला तर चहा मागवला. मी चहा पिऊन आलो.

नाही म्हटलं तरी एक गोष्ट त्या मुलाच्या बोलण्यातून डोक्यात राहिली. तो म्हणाला, तिकडे तो स्वतः एका कंपनीत आहे, आणि त्याच्या इमारतीत तळमजल्यावरच्या म्हाताऱ्या बाईंकडे रोज एक पंजाबी मुलगी येते, पर्सनल सपोर्ट वर्कर. तो तिला जिन्यात भेटला की आदरानं बोलतो. "आणि माझ्या बाबांचं तुम्ही करता," तो म्हणाला आणि गप्प झाला. फोन माझ्या हातात होता, सरांकडे वळवलेला. सर म्हणाले, "बरं."

लग्नाचं विचारू नका. तीन ठिकाणी बघून झालं. 'मुलगा काय करतो' इथपर्यंत चहा गरम असतो.

या वर्षी पोळ्याला चार दिवस गावी गेलो. बदली म्हणून ब्युरोनं एक नवा पोरगा दिला, त्याला सदऱ्याचं दोनदा करून दाखवलं आणि निघालो. घरी पोचलो त्याच संध्याकाळी भावकीतल्या तात्यांचा मुलगा आला. हाच तो, ज्यानं पारावर माझ्या कामावरून चारचौघांत विनोद केला होता. तात्यांना दोन महिन्यांपूर्वी झटका आलेला. म्हणाला, "येऊन बघतोस का जरा? पाठीला कायतरी झालंय."

गेलो. बाजेवर वाकळ, वाकळीवर प्लास्टिक, प्लास्टिकवर तात्या. कडेवर वळवलं. माकडहाडावर रुपयाएवढं फुटलं होतं आणि त्याखाली सायकलच्या ट्यूबची चकती होती. गावात अजून तीच चालते. मी ती काढून अंगणात फेकली, जरा जोरातच. मग मुलाला आणि त्याच्या बायकोला समोर उभं केलं. चादर कशी घालायची, गुडघे कसे वाकवायचे, तेल का चोळायचं नाही. बायको लक्ष देऊन बघत होती. मुलगा दारात सरकत सरकत गेला. मी त्याला परत आत बोलावलं, म्हणालो, "तू कर. ती बघेल." जखम सरकारी दवाखान्यात दाखवायला लावली, दुसऱ्या दिवशी सोबत गेलो. तिसऱ्या दिवशी त्यानं माझ्यासमोर एकट्यानं कूस बदलली, घामाघूम झाला, पण नीट बदलली.

निघताना म्हणाला, "तुझे उपकार कसे फेडू?"

म्हणालो, "दिवसाचे दोनशे. तीन दिवस आलो. सहाशे दे."

तो हसला, मग माझ्या तोंडाकडे बघून हसायचा थांबला. आत गेला, बायकोशी काहीतरी बोलला, सहाशे आणून दिले. मी मोजून खिशात घातले. मोजायला नको होते, असं मला पायरी उतरताना वाटलं.

घरी बातमी माझ्याआधी पोचली होती. आई चुलीपुढं बसलेली. ताट वाढलं, बोलली नाही. जेवण अर्ध्यावर आलं तेव्हा म्हणाली, "भावकीत कुणी पैसे घेतं का? लोक काय म्हणत्याल?"

मी म्हणालो, "काम केलं, घेतले."

"तेला काम म्हणत्यात व्हय? म्हाताऱ्या माणसाचं केलं, तेला काम?"

मी काही बोललो नाही. तिनं तव्यावरची भाकरी उलटी केली, निखाऱ्यापाशी उभी लावली. बराच वेळ ती भाकरीकडेच बघत होती. ती जळायला लागल्याचा वास आला तरी तिचा हात हलला नाही, शेवटी मीच काढली.

"म्हातारीचं म्या दिवाळीपून केलं," ती म्हणाली. "पडली तव्हापून. दोन वर्सं आन् वर चार म्हैने."

"हो."

"तुह्या त्या दोनशेनं लाव बरं. किती व्हत्यात?"

मी खरकटा हात तसाच ठेवून डाव्या हातानं मोबाईल काढला. महिना तीसचा धरला. ८४० दिवस. फोन तिच्यापुढं केला, मग तिला आकडा लागणार नाही हे लक्षात येऊन वाचून दाखवला. "एक लाख अडुसष्ट हजार."

तिनं पदरानं कपाळ पुसलं, चुलीतलं लाकूड जरा मागं ओढलं.

"रात्रीचं धरलंस का?"